आतल्या बाजूचा हिरवा ठिपका

१७ नोव्हेंबर २००८, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. सुष्मिताने पुण्याहून येताना आणलेली सीडी आज शाळेच्या संगणकात घातली. भूमितीचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, आणि लेक म्हणाली तसं खरंच वेड लावणारं आहे. त्रिकोणाचा एक कोपरा माउसने धरून ओढला की अख्खा त्रिकोण हलतो, पण तिन्ही कोनांची बेरीज एकशेऐंशीच राहते. तीस वर्षं मी हे खडूने सांगत आलो आणि पोरं माझ्यावर उपकार केल्यासारखी मान डोलावत आली. आज आठवी ब चा वर्ग पडद्याला नाक लावून उभा होता. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना माझा फळा हलायला लागला.

पडद्यावरची आकृती चित्र म्हणून बाहेर काढता येते. फाइलमध्ये जायचं, एक्स्पोर्ट म्हणायचं, नाव द्यायचं. कसं जमतं, कुठे अडतं, ते विसरायला होतं म्हणून ही वही सुरू केली आहे. आमच्या सौ. शांतादेवी म्हणतात, "ह्या वयात रोजनिशी? कुणाची नजर लागायची." त्यांना सगळ्याची चेष्टा सुचते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं चित्र फलकावर लागलं! गेल्या हंगामात शाळेजवळच्या गोदामाच्या वळणावर उसाची ट्रॉली बाहेरच्या अंगाला कलंडली होती आणि मोळ्यांखाली एक सायकलवाला सापडला होता. आता पुन्हा कारखाने सुरू झालेत. मुख्याध्यापक म्हणाले, पोरांसाठी सूचनेचा फलक करा. मी म्हटलं, गणित विभाग करेल.

सॉफ्टवेअरमध्ये वळणाचा कंस काढला. त्यावर ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या, तिन्ही त्याच कंसाला चिकटवल्या. भार बाहेर फेकला जातो त्याचा लाल बाण काढला, आणि आतल्या कोपऱ्यात एक मोठा हिरवा ठिपका: "येथे उभे राहावे." चित्र बाहेर काढून पेन ड्राइव्हवर घेतलं, कोल्हापूरला जाऊन राजारामपुरीत रंगीत प्रिंट काढून आणली. खाली बारीक अक्षरात, "रेखाटन: श्री. बसलिंगाप्पा शेटे." फाटकाच्या आत, सूचनाफलकावर मधोमध लावलं आहे.

वर्गात समजावून सांगितलं तेव्हा दानेश्वरी उठली. आमच्या गल्लीतल्या प्रभुलिंगची थोरली मुलगी. पहिल्या बाकावर बसते आणि शंकांनी जीव खाते. "सर, दोन ट्रॉल्या असल्या तर मागची पण त्याच रेघेवरनं जाईल?"

मी म्हटलं, "दोन असू देत नाहीतर दहा. मागचं पुढच्याच्या मागूनच जाणार. आगगाडी बघितली नाहीस कधी?"

वर्ग हसला. तीही हसली आणि चित्र वहीत उतरवून घेतलं, ठिपक्यासकट हिरव्या पेनने.

९ डिसेंबर, मंगळवार

आता चित्र चालवायचं शिकतोय. हे सॉफ्टवेअर हलतं चित्र सरळ बाहेर देत नाही. आकृती हलवणारी सरकपट्टी एक घर पुढे सरकवायची, एक चित्र बाहेर काढायचं, परत सरकवायची, परत काढायचं. चोवीस चित्रं झाली की दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये मण्यांसारखी ओवायची. त्यात लाइट जाते. आज लंबकाच्या चित्रांना नावं १, २, ३ अशी दिली तर त्या शहाण्याने १ नंतर १० घेतलं आणि माझा लंबक माकडासारखा उड्या मारायला लागला. वर्ग पोट धरून हसला. ०१, ०२ अशी नावं द्यायची. दानेश्वरीनेच शोधून काढलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

दानेश्वरी गेली. शाळा सुटल्यावर गोदामाच्या वळणावर, उसाच्या मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली. सायकल हातात धरून उभी होती म्हणतात. मी फाटकात होतो. आवाज ऐकला आणि धावलो. जे पाहिलं ते लिहीत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

परवा माती दिली. प्रभुलिंग आणि मी एका गल्लीतले. त्याचं पशुखाद्याचं दुकान, रोज सकाळी माझ्याकडे चहा. खड्ड्याशी बसून तो हाताने माती सारखी करत राहिला, उठवलं तरी उठेना. तिची आई ओरडून ओरडून गप्प झाली होती.

ड्रायव्हर पळाला होता, दुसऱ्या दिवशी स्वतःच चौकीत हजर झाला. आकाराम नावाचा आहे, हातकणंगले बाजूचा.

पंचनाम्याच्या वेळी मीही होतो. वळण डावीकडचं, आतल्या कोपऱ्यात गोदामाचं तारेचं कुंपण. तिची चप्पल कुंपणाला लागून, आणि ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाची नक्षी तिथून सहा फुटांवर, धुळीत स्वच्छ उठलेली. बाकी सगळं लोकांनी तुडवलेलं. सहा फूट. एवढी जागा असताना पोर चाकाखाली गेली कशी?

३ जानेवारी २००९, शनिवार

प्रभुलिंग आला. शांतादेवींनी चहा दिला, त्याने तो गार होईस्तोवर हातात धरला. मग म्हणाला, "सर, तुम्ही कॉम्प्युटरवर ट्रॅक्टर चालवून दावताय म्हणं पोरांस्नी. मला त्यो दिवस दावा. लोक काय बी बोलत्यात. कोण म्हणतंय ड्रायव्हर पेलेला हुता, कोण म्हणतंय पोरगी आपणच आत गेली. माझी पोरगी कशी गेली तेवढं मला कळाय पायजे."

नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणायचंही नव्हतं. कुणी तरी गणिताला खरं विचारायला आलं होतं.

८ जानेवारी, गुरुवार

पाच दिवस खपलो. जुनी आकृती होतीच. पंचनाम्यातली मापं घातली, हिरव्या ठिपक्याच्या जागी काळा ठिपका केला, चोवीस चित्रं काढून ओवली. दुपारी प्रभुलिंगला संगणकाच्या खोलीत बसवलं. ट्रॅक्टर वळला, पहिली ट्रॉली वळली, दुसरी वळली. तिन्ही ठिपक्यापासून सहा फूट लांबून गेल्या. चित्र थांबवायला मी विसरलो होतो, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा आणि पुन्हा.

त्याने किती वेळा पाहिलं मोजलं नाही. शेवटी म्हणाला, "म्हंजे ट्रॉली तिच्याकडं आली न्हाय. तीच ट्रॉलीकडं गेली."

मी म्हटलं, "चक्कर आली असेल. पाय घसरला असेल."

"न्हाय सर." तो पडद्याकडेच बघत होता. "त्या दिशी सकाळी म्या तिला मारलं हुतं. गॅदरिंगात नाचणार म्हणाली. म्या म्हणालो, नाचायचं असंल तर परत ह्या घरात पाय ठेवू नगंस. डबा न घेताच गेली."

धीराचे शब्द पुष्कळ होते, पण पडद्यावर सहा फूट स्पष्ट दिसत होते आणि मी ते खोटे आहेत असं कसं म्हणू? त्याने एक चित्र कागदावर मागितलं. पंधरावं काढून दिलं, सहा फुटांची रेघ आखून. चार घड्या घालून त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

१२ जानेवारी, सोमवार

झोप लागत नाही. चित्र करून द्यायला नको होतं की काय? पण विचारलं तर खरं सांगायचं नाही तर मास्तर कशाला झालो?

एक बरं आहे. अपघातानंतर पोरं धास्तावली आहेत आणि फलकाचं नीट ऐकतात. आज ट्रॅक्टर आला तेव्हा सगळी शिस्तीत आतल्या बाजूला, कुंपणाला चिकटून उभी राहिली. आधीच एवढं ऐकलं असतं तर.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीला प्रभुलिंगच्या घरी चूल पेटली नाही. शांतादेवी भाकरी घेऊन गेल्या होत्या. सांगत होत्या, दुकान आठ दिवस बंद आहे आणि तो बायकोशी बोलत नाही. तिने विचारलं तर एकच म्हणतो, म्या मारली. तो कागद तिला दाखवतो. विहिरीकडे जाऊन बसतो म्हणून धाकटा भाऊ दिवसभर त्याच्या मागे असतो.

"तुम्ही त्याला काय दाखवलंत हो?" शांतादेवींनी विचारलं. मी म्हटलं, "जे होतं ते." 

२० जानेवारी, मंगळवार

आज ड्रायव्हर आकाराम शाळेत आला. जामिनावर सुटला आहे. चाळिशीचा, उन्हाने काळवंडलेला, दारातच चप्पल काढून उभा राहिला. त्याला बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुझं काय काम इथं?"

"गुर्जी, वकील म्हणालं, मास्तरांनी चित्र केलंय, त्यात तुजी चूक न्हाय असं दिसतंय. त्येची कापी घिऊन ये."

माणूस मेल्याची याला कापी हवी! हाकलून देणार होतो. पण म्हटलं बघू दे, निदान काय केलंय ते दिसेल. लावलं. त्याने दोन फेऱ्या पाहिल्या, मग जवळ सरकून तिसरी.

"गुर्जी, ट्रॉली अशी येत न्हाय."

"म्हणजे?"

"ही आगगाडी झाली तुमची. ट्रॉलीला रूळ असत्यात व्हय?"

त्याने टेबलावरच्या खडूच्या तीन रिकाम्या पेट्या घेतल्या, खिशातल्या सुतळीने एकामागे एक बांधल्या आणि पहिली पेटी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या डस्टरला वळसा घालून ओढली. पहिली लांबून गेली. दुसरी डस्टरला घासून गेली. तिसरीने डस्टर खाली पाडला.

"मागची आत मारती. दुसरी त्याहून आत. कुनाबी ड्रायव्हरला इचारा." डस्टर उचलून त्याने जागेवर ठेवला. "ह्ये चित्र दिलं तर म्या सुटीन बी. पर मग पोरीनं जीव दिला असं हुतंय की. ती हालली बी न्हाय, गुर्जी. म्या पुढनं जाताना बघितलीया, सायकल धरून उभी हुती. मागं आरशात बगाय पायजे हुतं. मोळ्या भाईर आलेल्या, आरसा झाकलेला. ट्रॅक्टर तसाच पुढं घातला."

कापी न घेताच गेला. मी त्याला साधं बस म्हटलं नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार

दोन दिवसांत नवीन केलं. ट्रॉली कंसाला चिकटवायची नाही, ती पुढच्याच्या हुकाकडे ओढली जाते. बोटभर पुढे, ओढ. परत बोटभर पुढे, ओढ. कागदावरही पडताळलं. ट्रॅक्टर अठरा फुटांच्या वर्तुळात फिरत राहिला आणि ट्रॉल्या बारा फुटांच्या असल्या, तर पहिली सव्वातेरा-साडेतेरा फुटांवर येते आणि दुसरी सहावर. चौथाई वळणात इतकी पूर्ण येत नाही, तरी सहा फूट आत येतेच. पायथागोरसचा सिद्धांत आहे, दुसरं काही नाही. दरवर्षी आठवीला शिकवतो.

सतराव्या चित्रात चाक काळ्या ठिपक्यावर आलं. ठिपका जागचा हलवला नव्हता.

मी एकटाच खोलीत मोठ्याने म्हणालो, "ती गेली नाही!" पोर ट्रॉलीकडे गेली नाही, ट्रॉली तिच्याकडे आली. प्रभुलिंगला कधी एकदा सांगतो असं झालंय. रविवारी शाळा रिकामी असते, तेव्हा बोलावतो. महिन्यात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

शाळा सुटल्यावर फाटकात उभा होतो. गोदामाकडून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या. वळणावर सात-आठ पोरं होती. ट्रॅक्टर दिसताच ती रस्ता ओलांडून आतल्या कोपऱ्यात गेली आणि कुंपणाला पाठ लावून ओळीने उभी राहिली.

मी कसा धावलो माहीत नाही. ओरडत होतो, पण काय ओरडत होतो आठवत नाही. ट्रॅक्टरपुढेच जाऊन पडलो. त्याने कचकन ब्रेक मारला आणि दोन शिव्या हासडल्या. पोरं जशीच्या तशी उभी. मी एकेकाला दंडाला धरून बाहेर ओढलं. संयोगिता, दानेश्वरीच्या बाकावरची, रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, आमचं काय चुकलं? तुमच्या चित्रात हाय तिथंच उभं हुतो की."

हिरवा ठिपका.

दोन महिने रोज सकाळी त्या फलकासमोरून आत जातोय. खाली माझं नाव आहे. तिने विचारलं होतं, दोन ट्रॉल्या असल्या तर? वर्गात एकटीने विचारलं होतं आणि मी तिचं हसं करून तिला खाली बसवलं.

फलक काढला. टाचण्या निघेनात, नखाने उपटल्या.

२४ जानेवारी, शनिवार

शांतादेवींना सांगितलं. त्या परातीत पीठ मळत होत्या, हात तसेच राहिले. म्हणाल्या, "प्रभुलिंगला नवं चित्र दाखवा. ट्रॉली आत आली म्हणा. तेवढ्यानं त्याचा जीव मोकळा होतोय. ती तिथं का उभी होती हे त्यानं विचारलंय का?"

नाही विचारलेलं. कुणीच विचारलेलं नाही. फलक माझ्या कपाटात आहे, पोरं विसरतील. तीन वर्षांनी मी नारळ आणि शाल घेऊन घरी येईन. दिवसभर हा हिशेब करत होतो आणि तो प्रत्येक वेळी बरोबर येत होता. लाज वाटते, पण लिहून ठेवतो.

मग वाटलं, त्याने विचारलं होतं. माझी पोरगी कशी गेली तेवढं कळाय पायजे, म्हणाला होता. अर्धं सांगून मी त्याला आणखी एक खोटं चित्र देणार.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी दहाला आला. दाढी वाढलेली, गळ्यात लिंग आणि अंगात तोच शर्ट. भाऊ बाहेर व्हरांड्यात बसला.

आधी सांगितलं, पहिलं चित्र चुकीचं होतं, चूक माझी. मग नवीन लावलं. या वेळी एकदाच चालेल असं करून ठेवलं होतं. ट्रॅक्टर गेला. पहिली ट्रॉली गेली. दुसरी आत आली, आणि सतराव्या चित्रावर मीच डोळे मिटले. उघडले तेव्हा चित्र संपून थांबलं होतं आणि प्रभुलिंग तसाच बसला होता.

"ती हालली न्हाय," तो म्हणाला.

"नाही हलली. ड्रायव्हरनंही पाहिलंय. सायकल धरून उभी होती."

त्याच्या तोंडातून आवाज आला तसा मी कधी ऐकला नव्हता. टेबलावर डोकं टेकून रडला. माझा हात त्याच्या पाठीवर जात होता, मी मागे घेतला. तिथेच थांबता आलं असतं. त्याचं काम झालं होतं.

कपाटातून फलक काढून त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, "प्रभू, ती तिथं का उभी होती ते बघ."

त्याने डोळे पुसून वाचलं. येथे उभे राहावे. बोट खाली सरकत माझ्या नावाशी आलं आणि थांबलं.

"ह्ये कधी लावलं हुतं?"

"नोव्हेंबरात. तिला वर्गात समजावूनही सांगितलं होतं. तिने शंका काढली होती. मी ऐकून घेतली नाही."

मी वाट बघत होतो. त्याने मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो फलकावरच्या ठिपक्याकडे बघत होता.

"वहीत हाय हे तिच्या," तो म्हणाला. "हिरव्या पेननं काढलंय. म्हटलं, काय तरी गणिताचं असंल."

मग खिशातला चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि फलक उचलला. "ह्यो मी नेतो. तिच्या आईला दावायचा हाय. सांगितलेलं तिथंच उभी हुती म्हणून सांगतो. रुसून गेली नव्हती."

मी माठातलं पाणी तांब्यात भरून ठेवलं होतं. दारापर्यंत जाऊन तो वळला, तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सर, मास्तरांचं ऐकायचं म्हणून मीच तिला शिकवलं हुतं."

पाणी न घेता गेला. फलक दोन्ही हातांनी धरला होता, कुठे दुमडू नये असा.

२७ जानेवारी, मंगळवार

सगळं लेखी करून दोन प्रती काढल्या. एक मुख्याध्यापकांना दिली, एक चौकीत. दोन्हीकडे चित्रं जोडली, फलकाचंसुद्धा. मुख्याध्यापक म्हणाले, "शेटे सर, हे कशाला अंगावर ओढून घेताय? कुणाची तक्रार तरी आहे का?" ड्रायव्हरला याने थोडी सूट मिळेल की नाही, माहीत नाही. त्याने मागितलेली नाही.

प्रभुलिंगने आज दुकान उघडलं. सकाळी चहाला आला नाही. येणार नाही.

नवीन फलकासाठी चित्र करायला बसलो. वळण काढलं, ट्रॅक्टर काढला, ट्रॉल्या काढल्या. ठिपका कुठे ठेवायचा तिथे हात अडला. तास झाला तरी माउस हलेना. शेवटी बंद केलं आणि शाळा सुटायच्या वेळी स्वतःच वळणावर जाऊन उभा राहिलो.

ट्रॅक्टर आला. मी पोरांना म्हटलं, "रस्ता सोडा, पलीकडच्या बांधावर चढा, वर शेतात जा." सगळी चढली. वर जाऊन, दप्तरं पोटाशी धरून, माझ्याकडे बघत उभी राहिली. मागची ट्रॉली कुंपणाला घासून गेली.

मी विचारलं, "कुणाला काही शंका?"

एकानेही हात वर केला नाही.